काल खेळता खेळता ठरलं

मित्रांनो, मी एक जुना कॅरम बोर्ड आहे. मला बोलता येत नाही, पण माझ्याभोवती बसून माणसं इतकं बोलतात की ऐकून ऐकून ते माझ्या लाकडात मुरलं आहे. त्यातलं बरंचसं मला अजूनही समजलेलं नाही. तुम्हाला समजलं तर बरं होईल, म्हणून सांगतो.

माझा जन्म जुन्या नाशकातल्या एका अरुंद गल्लीत झाला. निसारभाई नावाच्या सुताराने मला घडवलं. त्यांनी माझी चौकट घासून गुळगुळीत केली, कोपऱ्यांना जाळ्या लावल्या, रेघा आखल्या. शेवटी एक सोंगटी टिचकीने सोडून पाहिली. ती सरळ समोरच्या कडेला जाऊन तशीच सरळ परत आली. "चांगला झाला," एवढंच ते म्हणाले. तेवढ्या कौतुकावर मी पुष्कळ दिवस खूश होतो.

मला विकत घेतलं रविराजने. इंदिरानगरमधल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये त्याने सॉफ्टवेअरची कंपनी काढली होती. कांद्याचा कोणता ट्रक कुठे पोहोचला, वाटेत माल किती खराब झाला, हे व्यापाऱ्यांना फोनवर दिसावं असं ॲप बनवायचं होतं. कंपनी म्हणजे तिघंच. रविराज, त्याचा मित्र भारत आणि आफिया. टेबल अपुरं पडलं की लॅपटॉप माझ्यावर ठेवायचे. संध्याकाळी लॅपटॉप उतरले की पावडर पडायची आणि डाव सुरू व्हायचा.

आफियाचा हात फार छान होता. घरात भावांबरोबर खेळून तयार झालेला. "अरे रविराज, कडेने मार, सरळ नाही जाणार," असं ती हक्काने सांगायची. जो हरेल त्याने चहा करायचा. रविराजने तो खूपदा केला आणि प्रत्येक वेळी त्यात साखर जास्त पडली. ॲपचा बराचसा भाग आफियाने लिहिला, हे मी स्वतः पाहिलं आहे. तिचा लॅपटॉप माझ्याच डाव्या कोपऱ्यावर असायचा.

मग कंपनी भराभर वाढली. मुंबई नाक्याजवळच्या नव्या इमारतीत दोन मजले घेतले. इतकी माणसं आली की मला नावं पाठ होईनात. माझ्यासाठी काचेच्या भिंतींची मोठी खोली झाली. बाहेरचे पाहुणे आले की रविराज माझ्या चौकटीवर हात ठेवून म्हणायचा, "आमच्याकडे वातावरण एकदम मोकळं आहे. इथे लहानमोठं कुणी नाही." मला अभिमान वाटायचा. पण आता सगळे त्याला सर म्हणू लागले होते. चारचौघांत आफियासुद्धा.

हळूहळू काहीतरी बदललं. नेमकं कधी, ते मला सांगता येणार नाही. ऑफिस सुटल्यावर माझ्याभोवती पुरुषच जमू लागले. दार तर उघडंच असायचं. बायकांनी येऊ नये अशी पाटी कुणी लावली नव्हती. तरी त्या काचेबाहेरूनच निघून जायच्या.

एकदा आफिया आत आली. "एका डावाला मी बसते," ती म्हणाली. चौघं खेळत होते. त्यांतला एक नवा मुलगा हसून म्हणाला, "मॅडम, तुम्ही पॉइंट लिहा ना. तुमचं अक्षर छान आहे." बाकीचे हसले. आफियाही थोडंसं हसली, जराशी उभी राहिली आणि गेली.

आणखी एकदा लाल सोंगटी, म्हणजे राणी, कुणीतरी कोपऱ्यातल्या जाळीत घातली. तिच्यामागून आपली दुसरी सोंगटी घालावी लागते, त्याला कव्हर म्हणतात. "राणीला कव्हर लागतंच. एकटी राहिली तर कसं चालेल?" असं म्हणून त्याने काचेबाहेर पाहिलं. बाहेरून पूजा जात होती. नुकतीच नोकरीला लागलेली. सगळे मोठ्याने हसले. मी गोंधळलो. हा तर साधा खेळाचा नियम, त्यात हसायचं काय? पण पूजाने पावलं उचलली आणि त्यानंतर ती जिन्याकडे जायला लांबची वाट धरू लागली.

मग ती संध्याकाळ आली. रविराज स्ट्रायकर बोटांत फिरवत म्हणाला, "लासलगावला ऑफिस काढायचं नक्की झालं. तिथे प्रमुख कुणाला करायचं?"

"आफिया मॅडमनीच तर तिथलं काम उभं केलंय," कुणीतरी म्हणालं.

"ते आहेच. पण तिकडे दिवसभर ट्रॅक्टर, धूळ, लिलावाचा गलका. सगळी पुरुष मंडळी. तिची मुलगी लहान आहे. तिला कशाला त्या त्रासात घालायचं? भारत, तू जा."

भारतचा हात थांबला. "मी?"

"का, तुला काय अडचण आहे?"

भारतने सगळ्यांकडे पाहिलं. "नाही. अडचण कसली," तो म्हणाला. त्याचा पुढचा फटका साफ चुकला. मला वाटलं, आनंदाने चुकला असेल. रविराजचा आवाजही किती मऊ होता. मला वाटलं, किती काळजी करतो हा आफियाची.

दुसऱ्या दिवशी सकाळची बैठक माझ्याच खोलीत भरली. रविराजने भारतचं नाव जाहीर केलं, टाळ्या झाल्या. टाळ्या थांबल्यावर आफियाने विचारलं, "हे कधी ठरलं, सर?"

"काल. असंच, खेळता खेळता."

"मला का नाही विचारलं?"

"अगं, तुझाच विचार केला. तुला त्रास नको म्हणून."

"मला त्रास होईल की नाही, हे मी सांगितलं असतं."

आणि मित्रांनो, सगळे माझ्याकडे पाहू लागले. लपायला मला जागा नव्हती.

पुढच्याच आठवड्यात कर्मचाऱ्यांचं पाहणाऱ्या अंजलीने सांगितलं, की कॅरममुळे काही जणींना दूर ठेवल्यासारखं वाटतं, म्हणून तो आता बंद. सांगताना ती खाली पाहत होती, हा निर्णय तिचा नव्हता. मला उचलून तळघरातल्या सामानाच्या खोलीत नेलं. महिला दिनाचे गुलाबी फलक आणि पाय मोडलेल्या खुर्च्या यांच्यामध्ये मला भिंतीला टेकवून उभं केलं.

तिथे ओल होती. माझी एक बाजू फुगू लागली. मोडकं सामान ठेवायला येणारे आपसांत बोलायचे, "आफिया मॅडमनी कॅरम बंद पाडला बघ." आणि पुढे म्हणायचे, की आता सगळे खालच्या टपरीवर चहाला जमतात आणि कामाचं तिथेच ठरतं. मी आणखीच गोंधळलो. चूक माझी असेल तर मी गेल्यावर ती संपायला हवी होती.

एके दिवशी दुपारी आफिया कसली तरी वायर शोधत तिथे आली. तिने मला पाहिलं आणि ओढणीच्या टोकाने माझ्यावरची धूळ पुसली. तेवढ्यात तिच्या मागोमाग भारत आला.

"तू माझ्याशी बोलत नाहीस," तो म्हणाला.

"काय बोलू? अभिनंदन केलं ना."

"आफिया, मला लासलगावला जायचंच नव्हतं. माझं बाळ अजून मानसुद्धा धरत नाही. बायको एकटी पडते. पण तेवढ्या लोकांत रविराजने विचारलं, अडचण काय. मी काय सांगणार होतो? बाळाला आंघोळ घालायची असते म्हणून?"

आफिया त्याच्याकडे पाहतच राहिली. "मग सांगायचं तसं."

"हसले असते."

"हो," ती म्हणाली. "हसले असते."

भारतने तिथूनच फोन लावला. "रविराज, खाली ये. सामानाच्या खोलीत. आत्ता ये."

रविराज आला. पुष्कळ काळाने ते तिघंच माझ्याभोवती उभे होते. भारतने त्याला सगळं सांगितलं. रविराज खरोखरच चक्रावून गेला. "मी दोघांचं भलंच पाहत होतो," तो म्हणाला. "आणि आफिया, तुझ्यासाठी तर मी कॅरमसुद्धा बंद केला."

"मी कुठे म्हणाले होते तसं?" आफियाने त्याला सर म्हटलं नाही. "आता पोरं माझ्यावरच चिडलीत. रविराज, बैठकीत सगळ्यांसमोर मला विचारायचं होतंस, लासलगावला जाशील का? मी हो म्हणाले असते किंवा नाही म्हणाले असते. एवढंच होतं."

रविराज म्हणाला, "जाशील का?"

"बैठकीत विचार."

त्याने विचारलं. ती हो म्हणाली. भारत नाशिकलाच राहिला. काही जण अजून म्हणतात, की तिने कॅरमही घालवला आणि पदही घेतलं. तसं म्हणणारे टपरीवर जातातच. सगळं काही सुधारलं असं मी तुम्हाला सांगणार नाही.

जाताना आफियाने मला मागून घेतलं. आता मी लासलगावच्या ऑफिसात असतो. वाऱ्याबरोबर कांद्याची सालं खिडकीतून उडत येतात आणि माझ्यावर बसतात. इथे आफियाबरोबर पूजा आली आहे. शिवाय गावचे सहादूमामा आहेत, बाजारातल्या गाड्यांवर लक्ष ठेवणारे. ते संध्याकाळच्या एसटीने घरी जातात, म्हणून डावाला कधी नसतात.

परवा खेळताना आफिया म्हणाली, "मनमाडला रेल्वेत माल चढतो, तिथे आठवडाभर कुणीतरी राहायला हवं."

"सहादूमामांना नको," पूजा म्हणाली. "त्यांचं वय झालंय."

"हो, त्यांना कशाला त्रास द्यायचा," आफिया म्हणाली आणि तिने नेम धरला.

तिचं बोट स्ट्रायकरवर तसंच राहिलं. खूप वेळ राहिलं. मीही दचकलो होतो. मग तिने हात मागे घेतला. "उद्या त्यांनाच विचारू," ती हळू आवाजात म्हणाली.

सकाळी विचारलं तेव्हा सहादूमामा टोपी सारखी करत म्हणाले, "जातो की. माझी पोरगी तिथंच दिली हाय. तेवढाच नातवाला बघून व्हईल. मला कोण इचारतच नाय, मला वाटलं तुम्हाला माझं काम आवडत नसंल."

आफियाने मनमाडच्या कामापुढे त्यांचं नाव लिहिलं.

मित्रांनो, माझा गोंधळ अजून मिटलेला नाही. काळजीचा आवाज आणि दुसऱ्याला परस्पर बाजूला ठेवण्याचा आवाज इतके सारखे कसे? मला तर ते वेगळे ओळखता येत नाहीत. म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. मला ओलीत ठेवू नका, माझ्यावर पाणी सांडू देऊ नका. आणि माझ्याभोवती बसून, तिथे नसलेल्या माणसाचं काही ठरवायला लागलात, तर डाव तसाच राहू द्या आणि त्या माणसाला हाक मारा. सोंगट्या कुठे जात नाहीत. मी थांबेन.