वितळेपर्यंतची राखण

मित्रांनो, मी एक जुनी, निळी लसपेटी आहे. सात-आठ वर्षं झाली, दवाखान्याच्या अडगळीत फाटक्या फायलींखाली पडून आहे. खांद्याचा पट्टा कधीच तुटला. पण एके काळी माझा काय तोरा होता!

१९९१ साली मी इथे आले. नर्सबाई मला खांद्याला अडकवून शिनोलीच्या वरच्या वाड्यांवर चालत जात. माझ्या पोटात लसीच्या बाटल्या आणि त्यांच्याभोवती बर्फाच्या पिशव्या असत. बर्फ मोठा गुणाचा. आत शिरलेली उष्णता तो नुसती वितळण्यात खर्च करतो. अर्धं पाणी झालं तरी पारा शून्यापाशीच राहतो. शेवटचा खडा विरेपर्यंत त्याची राखण सुटत नाही. हे मला आणि नर्सबाईंना ठाऊक होतं. बाकी कुणाला आम्ही कधी सांगितलंच नाही.

शहाण्णवच्या एप्रिलात मला एका वाडीतल्या सारजाबाईच्या ओसरीवर, तिच्या राखणीत ठेवून नर्सबाई घरोघर बाळांना बोलवायला गेल्या. सारजाबाईची नात हर्षाली नऊ महिन्यांची झाली होती. तिला त्या दिवशी गोवराची लस मिळायची होती. म्हातारीला राहवेना. तिने माझं झाकण उघडलं.

“अगं बया, बर्फाचं तर पानी व्हाया लागलं! ह्यो बर्फ आता कामाचा न्हाई, औषध नासंल की!”

तिने पिशव्या ओतून दिल्या, उरलेले खडे पोरांना चोखायला दिले आणि माठातलं गार पाणी भरून ठेवलं. हाताला दोन्ही गारच लागतात हो! पण माठाचं पाणी शून्यावर नसतं आणि उष्णता लागली की सरळ तापत जातं. मी आतल्या आत आक्रोश करत होते.

दोन तासांनी नर्सबाई आल्या. त्यांनी माझ्यातली तापमापी पाहिली आणि झाकण लावून टाकलं.

“आज लस देता येणार नाही. पुढच्या महिन्यात येते.”

महिन्याच्या आत वाडीत गोवर आला. आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा हर्षालीची झोळी आढ्यावरून सोडून, घडी करून ठेवलेली होती.

“बाई, म्या तर गारच पानी भरलं व्हतं ना?” सारजाबाईने विचारलं.

“चूक माझी आहे, आजी. मी तुम्हाला कधी सांगितलंच नाही.”

दोघी खूप रडल्या.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ नाही पुसलीत तरी चालेल. पण कुणाला काही जपायला द्याल, तेव्हा ते कसं आणि का जपायचं हेही सांगा. त्या म्हातारीने जीव लावून जपलं होतं. तिला एवढी एकच गोष्ट माहीत असती, तर हर्षाली आज दहा वर्षांची होऊन तुमच्याच वर्गात असती.