खालून दोन बोटं

नातीने रांगेतल्या पडद्यावर बोट टेकवलं आणि निळ्या गाडीची पिवळी झाली. मग तिने चाकं बदलली, पुढचे दिवे मोठे केले आणि पाचही हॉर्न एकेकदा वाजवून पाहिले. तिच्या एका खांद्यामागून बसआजोबा पाहत होते, दुसऱ्यामागून पोस्टआजोबा.

"यात ब्रेक कुठे आहेत?" बसआजोबांनी विचारलं.

"ब्रेक नसतात आजोबा. शर्यत आहे ही."

"ब्रेक नसलेली गाडी मी कधी डेपोच्या बाहेर काढली नाही."

"हॉर्न तो तिसरा घे," पोस्टआजोबा म्हणाले. "म्हैस सर्दी झाल्यावर ओरडेल, तसा आहे तो."

ती खुदकन हसली आणि तिने तिसरा हॉर्न घेतला. बसआजोबांनी मान फिरवून भिंतीवरचे नियम वाचायला घेतले.

नावं तिनेच ठेवलेली होती, बोलायला लागली तेव्हा. आईचे वडील एकतीस वर्षं बस चालवत होते, म्हणून बसआजोबा. वडिलांचे वडील पोस्टाच्या खिडकीमागे बसून केस पांढरे करून बाहेर पडले, म्हणून पोस्टआजोबा. बसआजोबांच्या बसला एकतीस वर्षांत कधी ओरखडा गेला नव्हता, आणि ही गोष्ट त्यांना ओळखणाऱ्या प्रत्येकाने किमान दोनदा ऐकलेली होती. पोस्टआजोबा तरुणपणी सायकलवरून एका गटारात पडले, ते त्यानंतर पायीच चालले. दोघे व्याही एकमेकांशी अतिशय अदबीने वागायचे. भांडायला जेवढी जवळीक लागते तेवढी त्यांच्यात नव्हती.

तीन वर्षं नातीला शाळेत नेण्याचं आणि आणण्याचं काम बसआजोबांकडे होतं. पुढच्या रविवारी ते संपणार होतं. लेक आणि जावई घर बदलत होते. नवं घर पोस्टआजोबांच्याच इमारतीत, दोन मजले वर. शाळा तीच राहणार, नेणारे आजोबा तेवढे बदलणार. "बाबा, तुम्हालाही आराम," असं लेक म्हणाली होती. आराम कुणी मागितला होता, हे तिने विचारलं नव्हतं. आज घरात सामान बांधायचं होतं, आणि दोन म्हातारे आणि एक मुलगी खोक्यांच्या मध्ये मध्ये येत होती, म्हणून तिघांना इथे, या मनोरंजन पार्कमध्ये, पाठवून दिलं होतं.

सकाळी येताना गाडीत पोस्टआजोबांनी खिशातून एक छोटी डायरी आणि पेन काढलं होतं.

"शाळेच्या बाबतीत काही सांगायचं असेल तर सांगा. लिहून घेतो. तुम्हाला तीन वर्षांचा अनुभव."

"काही नाही," बसआजोबा रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले होते. "हुशार आहे ती. आपोआप जाते."

हे खोटं होतं. सांगायचं एक होतं, आणि ते महत्त्वाचं होतं. पण ते शोधायला बसआजोबांना पहिलं वर्ष निम्मं लागलं होतं. त्यांनी शोधलेलं आयतं घेऊन दुसऱ्याने मिरवावं, हे त्यांच्या घशाखाली उतरेना. लागू देत यांनाही थोडे दिवस, असं त्यांनी ठरवून टाकलं.

फलाटावर गाड्या एकामागून एक हळू सरकत येत होत्या. गणवेशातल्या मुलीने रांगेतल्या तिघांकडे पाहिलं.

"एका गाडीत दोघंच. स्टिअरिंगवर मोठं माणूस, शेजारी बटणांवर लहान. कोण बसणार?"

बसआजोबांनी बाह्या वर केल्या. हा काही प्रश्न आहे का, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"पोस्टआजोबा," नात म्हणाली, "तू ये ना माझ्याबरोबर."

बसआजोबांच्या वर झालेल्या बाह्या तिथेच राहिल्या. तिने पोस्टआजोबांना निवडलं हे एक, आणि त्यांना 'तू' म्हणाली हे दुसरं. 'तू' आजवर फक्त बसआजोबांचं होतं. पोस्टआजोबांना ती 'तुम्ही' म्हणायची, जसं आपण पाहुण्यांना म्हणतो. एवढ्याशा गोष्टीवर बसआजोबांनी तीन वर्षं मनातल्या मनात ताव मारला होता. कानामागून आली आणि तिखट झाली, ते हे असं.

"मला?" पोस्टआजोबा म्हणाले. "अगं, मला चाकाला हात लावायची सवय नाही. यांना घे."

"नाही. तूच."

"जा, जा," बसआजोबा हसून म्हणाले. हसणं कुठून आलं ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. "दोन्ही हातांनी धरा. आणि वळणावर घाबरून सोडू नका."

पोस्टआजोबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि रजिस्टर पत्रावर सही करायला बसावं तसे गाडीत बसले. पोटावरचा दांडा खट्कन खाली आला. पिवळी गाडी दरवाजाआड गेली.

बाहेर एका मोठ्या पडद्यावर आतली शर्यत दिसत होती. त्यांच्या शेजारून एक लाल गाडी निघाली. रस्त्यावर मध्येच खड्डे उमटत, डबे गडगडत येत, बाण लागत. बाणाप्रमाणे स्टिअरिंग वळलं की पडद्याच्या कोपऱ्यात एक तारा लागायचा. पिवळ्या गाडीला पहिला तारा लागला. मग दुसरा. बसआजोबा कठड्याला रेलून उभे होते आणि त्यांचा उजवा पाय जमिनीवर नसलेला ब्रेक दाबत होता.

"वळव, आता वळव," ते पुटपुटले, आणि लगेच स्वतःवरच चिडले. आपण कुणाच्या बाजूने आहोत?

पिवळीला पाच तारे मिळाले. पाचापैकी पाच. लाल गाडी तिनावर थांबली.

दोघं बाहेर आले तेव्हा पोस्टआजोबांचे विरळ केस उभे राहिले होते आणि गाल लाल झाले होते. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला शोभणार नाही इतके ते खूश होते.

"आयुष्यात पहिल्यांदा गाडी चालवली हो मी," ते म्हणाले. "पहिल्यांदा. आणि ऐकते हो गाडी. आपण म्हणू तिकडे जाते."

भिंतीवर त्यांचा फोटो लागला होता, वळणावर आपोआप काढलेला. पोस्टआजोबांचं तोंड उघडं, डोळे मिटलेले. नात त्यांच्याकडे कलून हसत होती, सगळे दात दाखवून. आपल्याबरोबर ती अशी शेवटची कधी हसली, हे बसआजोबा आठवू लागले आणि त्यांच्या पोटात रीतसर दुखू लागलं.

"आता मी," ते म्हणाले.

"आजोबा, रांग मोठी आहे."

"असू दे."

पाऊण तास रांगेत उभं राहून ते नातीला घेऊन फलाटावर पोहोचले. गाडी आली तशी बसआजोबांनी सवयीने आधी तिच्या चाकांकडे पाहिलं. चाकं जमिनीला टेकलेलीच नव्हती. फलाटाच्या फटीतून खाली एक जाड रूळ दिसत होता, आणि गाडी त्याला पोटाशी धरून उभी होती. ते बसले. स्टिअरिंग थोडं डावीकडे केलं, थोडं उजवीकडे. हाताला काहीच लागेना. त्या चाकाच्या मागे गाडी नव्हती. मागे फक्त तारे मोजणारी एक तार होती. पोस्टआजोबांनी चालवली म्हणे.

गाडी सुटली. त्यांचा डावा पाय क्लच शोधत राहिला. पहिला बाण आला तेव्हा त्यांनी बस वळवतात तसं केलं, म्हणजे आधी थोडं उलट बाजूला नेऊन मग मोठं वळण, मागचा भाग घासू नये म्हणून. मागचा भाग नव्हताच. लाल दिवा लागला आणि यंत्र बीप म्हणालं. दुसऱ्या वळणालाही बीप. एकतीस वर्षांत त्यांना कुणी असं बीप केलं नव्हतं. तिसऱ्या वळणाला त्यांनी स्टिअरिंग सोडूनच दिलं आणि हात मांडीवर ठेवले. खोट्या चाकाला काय म्हणून विनवण्या करायच्या? नातीने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि आपली बटणं गुपचूप दाबत राहिली.

एक तारा मिळाला. तोही तिच्या बटणांचा असावा.

"पुढच्या वेळी जमेल, आजोबा," दांडा वर करताना गणवेशातली मुलगी म्हणाली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कठड्यापाशी पोस्टआजोबा वाट पाहत होते. त्यांनी पडद्यावर सगळं पाहिलं होतं, पण नाचता येईना अंगण वाकडं असं काही ते म्हणाले नाहीत. "सूर्य डोळ्यांवर येत असेल आत," एवढंच म्हणाले. आत सूर्य नव्हता. ते पाण्याच्या बाटल्या भरून आणायला गेले, आणि त्यांच्या त्या चांगुलपणाने बसआजोबांचा उरलासुरला संयम संपला.

ते नातीशेजारी बाकावर बसले. जे बोलायचं होतं ते हलकं आहे, हे त्यांना माहीत होतं. तरी ते वाकले.

"तुला एक गंमत सांगू? ती गाडी रुळावर चालते. स्टिअरिंग नुसतं शोभेचं आहे. तुझ्या पोस्टआजोबांनी काही चालवली-बिलवली नाही."

नातीने झटकन पाण्याच्या नळाकडे पाहिलं.

"हळू बोल ना. मला माहीत आहे."

"माहीत आहे?"

"मागच्या वर्षी शाळेची सहल आली होती तेव्हाच कळलं. त्यांना नको सांगू. त्यांना वाटतंय त्यांनी चालवली."

"आणि मग ते पाच स्टार?"

"ते घाबरून डोळे मिटत होते," ती म्हणाली. "मी खालून धरलं होतं. दोन बोटांनी. तू धरायचास ना, तसं."

बसआजोबांना आठवलं. डेपोमागचं ते मोकळं मैदान, चार वर्षांची नात मांडीवर, तिचे दोन्ही हात स्टिअरिंगवर आणि त्याच्या तळाशी, तिला दिसणार नाहीत अशी, त्यांची दोन बोटं. घरी येऊन ते सगळ्यांना सांगायचे, आज हिने गाडी चालवली. ती मान ताठ करून उभी राहायची. तो सगळा खेळ आपल्या एकट्याला ठाऊक आहे, असं ते चार वर्षं धरून चालले होते.

"तुला तेव्हा कळत होतं?"

"दिसायची की बोटं."

"मग बोलली का नाहीस?"

तिने खांदे उडवले. "तू किती खूश असायचास."

भिंतीवरचे फोटो बदलत होते. पिवळ्या गाडीचा तो पहिला फोटो पुन्हा आला आणि या वेळी बसआजोबांनी तो नीट पाहिला. नात हसत होती खरी, पण पोस्टआजोबांकडे कलली होती ती हसण्यासाठी नव्हे. तिचा एक हात स्टिअरिंगच्या खाली होता. त्यानंतर त्यांचा स्वतःचा फोटो आला. त्यात तिचे दोन्ही हात बटणांवर होते.

"माझ्या वेळी का नाही धरलंस?"

"तुला येते ना गाडी," ती म्हणाली.

पोस्टआजोबा तीन भरलेल्या बाटल्या छातीशी धरून सांडत सांडत आले. मग तिघं गाडीकडे निघाले.

परतीच्या रस्त्यावर नात मागच्या सीटवर आडवी झाली.  पोस्टआजोबांनी घसा साफ केला.

"एक विचारू का? तुम्ही जाणकार. माझं ते दुसरं वळण कसं वाटलं? जरा जोरात घेतलं का मी?"

बसआजोबांनी गिअर बदलला. एक वाक्य बोललं असतं तर पुरलं असतं. ते जिभेवर होतंही.

"जोरात नाही," ते म्हणाले. "हॉर्न द्यायचा राहिला. वळणाआधी हॉर्न द्यायचा असतो. बाकी हात चांगला आहे तुमचा."

पोस्टआजोबांनी मान डोलावली आणि ते खिडकीबाहेर पाहून एकटेच हसले. बसआजोबांना ते हसणं अजूनही आवडलं नाही. मत्सर काही एका दुपारीत जात नाही. पुढच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा ते म्हणाले,

"ती डायरी काढा."

"आं?"

"शाळेचं. लिहून घ्या." मग त्यांनी सांगितलं. "शाळेसमोरचा मोठा रस्ता आहे ना, तिथे हिला भीती वाटते. बोलत नाही, एकदम गप्प होते. हात धरून ओढलं तर मधोमध थिजते. पहिल्या वर्षी दोनदा झालंय. तर ओढायचं नाही. काठावर उभं राहायचं आणि म्हणायचं, मला रस्ता ओलांडायला भीती वाटते, तू ने. मग ती बरोबर नेते."

सिग्नल सुटला तरी पेन चालत होतं. पोस्टातल्या माणसाचं अक्षर, हलत्या गाडीतही सरळ ओळीत.

"म्हणजे आपण तिला नेतोय हे तिला कळू द्यायचं नाही," पोस्टआजोबा लिहिता लिहिता म्हणाले.

बसआजोबांनी आरशात पाहिलं. मागच्या सीटवर नातीचे डोळे मिटलेले होते, झोपलेल्या माणसाचे मिटत नाहीत इतके घट्ट.

"हो," ते म्हणाले. "कळू द्यायचं नाही."