देव्हाऱ्यातली पावती

आमच्या बाबांना कंजूस म्हणणाऱ्याचं मी थोबाड फोडीन. रिक्षा चालवून घरी येईपर्यंत अर्धा धंदा वाटेतच संपलेला असायचा. आईला कोलंबी, शेजारच्या ठमाबाईला बीपीच्या गोळ्या, कुणाच्या पोराला वह्या. बाबांकडे, म्हणजे धाकूकडे मागितलं आणि मिळालं नाही, असं आमच्या बाळकुम गावात कधी झालं नाही. पण बारा लाखांच्या त्या पावतीला मात्र हात लावायचा नाही म्हणजे नाही!

ती पावती देव्हाऱ्यात असायची. शेतीचा शेवटचा तुकडा बिल्डरला दिला, तेव्हा बाबांनी तिथली मूठभर माती तांब्यात भरून आणली. आलेले पैसे बँकेत एफडी केले आणि पावती त्या तांब्याखाली सारली. दर दिवाळीला तिलाही हळदकुंकू. रक्कम दिसत नव्हती इतकं कुंकू चढलेलं त्या कागदावर.

"जागंचा पैसा खावाचा नाय, बाय," बाबा मला सांगायचे. "जागंत घालावाचा, नायतर गावाला जेवू घालावाचा. आपल्यासाठी मोडला तर आयेला विकून खाल्ल्यासारखा."

मी हसायची. मग आईला दम लागायला लागला आणि हसू संपलं.

हृदयाची एक झडप खराब झालेली. ऑपरेशनला चार लाख. फुकट होत होतं तिथे चार महिन्यांनंतरची तारीख मिळाली. "एवढं थांबू नका," डॉक्टर म्हणाले. बाबा मान हलवत ऐकत होते. घरी आल्यावर पाणीसुद्धा न पिता रिक्षा घेऊन बाहेर पडले. त्या दिवसापासून पहाटे पाचला निघायचे, रात्री दहाला यायचे. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, कंबर धरून घरात शिरायचा आणि दिवसाची कमाई आईच्या उशाशी ठेवायचा. रिक्षा चालवून चार लाख जमवणार होते! काय बोलायचं अशा माणसाला?

लग्नानंतर मी कोपरला राहायची, तिथून दर रविवारी जायची आणि भांडायची. "बाबा, एफडी मोडा. माती बघून आईची झडप नीट होणार आहे का?"

"मी करतो ना जमा," ते म्हणायचे आणि देव्हाऱ्याकडे बघायचंसुद्धा टाळायचे.

आई मध्ये पडायची. "निशू, नको गं त्यांना बोलू. तुझं घर होऊ दे आधी. टिटवाळ्याला मोठी खिडकी घे, म्हणजे मला दम लागला की बसता येईल."

आता ते टिटवाळ्याचं सांगते. मघापासून टाळतेय. मी आणि माझा नवरा संदेश, आम्ही नऊ वर्षं भाड्याच्या खोलीत काढलेली. सणाला साडी नाही, कुठे फिरणं नाही, पोटाला चिमटा काढून साडेचार लाख जमवलेले. दोन महिन्यांनी बिल्डरला द्यायचे होते.

संदेश एका रात्री म्हणाला, "काढ ना ते. टिटवाळा काय पळून जातंय? भाड्याने राहू अजून."

"तो घराचा पैसा आहे," मी म्हटलं. "आणि त्यांच्याकडे बारा लाख पडून असताना आपण का? मी दिले तर ते कधीच मोडणार नाहीत. थांब जरा. बायकोसाठी मोडतीलच."

आता वाटतं, कुणीतरी तेव्हा माझ्या कानाखाली वाजवायला हवी होती.

आई गेली ती गुरुवारी सकाळी. मोरीत भांडी घासत होती, तिथेच कलंडली. बाबा रिक्षावर होते. उशाखालच्या डब्यात एकवीस हजार निघाले.

चौथ्या दिवशी बाबा आंघोळ करून देव्हाऱ्यासमोर बसले. तांब्या उचलला, पावती काढली, प्रसाद घ्यावा तशी दोन्ही हातांवर धरली आणि बँकेत जाऊन एफडी मोडून आले. बाराव्याला अख्खं गाव जेवलं. मांडव, आचारी, लाडू, सगळं. लोक म्हणत होते, तुळसाचं बारावं असं झालं की बघत राहावं. मी लाडू वाढत होते आणि माझ्या अंगाची आग होत होती.

पाहुणे पांगल्यावर माझा तोल गेला. "ती जिवंत होती तेव्हा का नाही मोडली? मेल्यावर गाव जेवायला घातलंत! लाज नाही वाटली तुम्हाला?"

बाबा हळूच म्हणाले, "तुज्याकडं होते ना गो पैशे? तुजी आय मला बोलली होती. मना वाटला, पोर देईल. मी मागला नाय, तिनं शपथ घातली होती. पन मना रोज वाटं, आज येईल निशू, आज येईल."

मी रोज वाट बघत होते त्यांची. ते माझी. आणि आई बिचारी दोघांच्या मधे बसून श्वास घेत होती.

बाबांनी सदऱ्याच्या खिशातून घडी केलेला चेक काढला. उरलेले साडेदहा लाख. "टिटवाल्याच्या घरात घाल. जागंचा पैसा जागंत गेला, म्हंजे झाला."

तो चेक मी फाडून टाकायला हवा होता. त्यांच्या अंगावर फेकायला हवा होता. संदेश माझ्याकडे बघत होता, आणि मी चेक घेतला. पर्समध्ये नीट ठेवला, चुरगळू नये म्हणून वहीत घालून.

घर झालं. ठरवलेलं त्यापेक्षा एक खोली जास्तच. खिडकी मोठी घेतली आणि तिच्याखाली बसायला कट्टा करून घेतला, आई म्हणाली होती तसा. बाबा एकदाच येऊन गेले, कट्ट्याकडे बघितलं आणि उभ्यानेच चहा पिऊन निघाले. मीही तिथे बसत नाही. धुतलेले कपडे आणते आणि घड्या करून त्यावर ठेवते.