बर्फाआधीची गोष्ट

बारावीच्या इंग्रजीला त्या वर्षी पहिल्यांदाच आपल्या लोकांची पुस्तकं लागली, म्हणून व्हर्ना कीसिक बाईंना कोण आनंद झाला होता! अर्धा वर्ग अनिशिनाबे, म्हणजे गोऱ्यांच्याही आधीपासून इथं राहणाऱ्या आमच्या आदिवासी जमातीच्या पोरांचा, शिकवणारी अनिशिनाबे. पण फेब्रुवारीत डार्सी नावाच्या पोरीने विचारलं, "मिस, आपली माणसं फक्त पुस्तकातच बोलतात का? तोंडाने सांगणारं कुणी उरलंच नाही?"

"आहे की! माझी आत्या आहे," व्हर्ना म्हणाली.

इझाबेल आत्या एक्क्याऐंशीची, दोन्ही डोळ्यांनी अधू. अस्वलाशी लग्न केलेल्या बाईची लांबलचक गोष्ट अख्खी येणारी आता ती एकटीच. ती लगेच तयार झाली. "पण बर्फ आहे तोवरच ने हं. जमीन उघडी पडली की ज्यांची ही गोष्ट, ती अस्वलं जागी होतात, ऐकतात. मग मी तोंड उघडायची नाही."

हे व्हर्नाला नवीन नव्हतं. नवीन होते ते शाळेचे नियम. वर्गात येणाऱ्या पाहुण्याचा पोलिसांकडून दाखला हवा, त्यासाठी आधी जन्माचा दाखला हवा, आणि आत्या तर जन्मली जंगलातल्या तंबूत! आंधळी म्हातारी पोरांवर काय दरोडा घालणार होती, देव जाणे. मुख्याध्यापक हॅलिडे भला माणूस. पण "माझे हात बांधलेत" यापलीकडे त्याची गाडी जाईना. कागदी घोडे नाचत राहिले. दाखला आला वीस एप्रिलला. तोवर तळ्यावरचं बर्फ फुटून वितळलं होतं आणि शाळेमागे बेडूक ओरडत होते.

"वरातीमागून घोडं," आत्या म्हणाली. "पुढच्या हिवाळ्यात बघू गं."

मे महिन्यात आत्याला दवाखान्यात हलवलं. व्हर्ना रोज शाळा सुटली की तिकडे जायची, पर्समध्ये आवाज टिपायचं यंत्र घेऊन. रोज ते तसंच परत आणायची. एका संध्याकाळी आत्याने विचारलं, "गार लागतंय. बर्फ पडलं की काय?"

आमच्याकडे मे महिन्यातही पडतं कधीकधी. व्हर्नाच्या तोंडून निघून गेलं, "हो, पडलंय ना!"

"खरं? आण मग. हातावर ठेव माझ्या."

आत्याने तळहात पुढे केला. ती बाहेर गेली, नर्सांच्या स्वयंपाकघरातला फ्रीज उघडला, चमच्याने आतलं बर्फ खरवडलं आणि चोरासारखी परत आली. स्वतःची लाज वाटत होती तिला, पण दुसरं करणार काय होती?

आत्याने ते बर्फ चोळलं, हुंगलं. मग तिला इतकं हसू आलं की खोकल्याची उबळच आली.

"अगं बये, याला माशांचा वास येतोय!"

व्हर्ना खाली बसली आणि पोरीसारखी रडायला लागली. "निम्मी तरी सांग ना गं, आत्या. तुझ्या पाया पडते. पोरांना काय सांगू मी?"

"सांग, म्हातारी हट्टी आहे." ओला हात आत्याने तिच्या गालावर ठेवला. "गोष्ट माझी असती तर आत्ता दिली असती गं. माझी नाही ना ती." थोडा वेळ ती दम घेत राहिली. "नोव्हेंबरात ये. तुझ्या पोरांनाही आण."

"येते," व्हर्ना म्हणाली.

आत्याचे दोनच आठवडे उरलेत, असं डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं, आणि ते आत्याने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.