नमुना क्रमांक सात

प्रॅक्टिकलला एक्स्टर्नल म्हणून नेमल्याचं पत्र आलं तेव्हा मी कॉलेजचं नाव दोनदा वाचलं आणि मोठ्याने हसले. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, काय झालं? मी म्हटलं, "काही नाही, लग्नाचं बोलावणं आलंय."

अकरा वर्षं मी या पत्राची वाट बघत होते. मानवशास्त्र शिकवणारी कॉलेजं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यांची परीक्षा घ्यायला बाहेरून जाणारी माणसंही तेवढीच. कधी ना कधी बेलापूरला कारखानीस सरांच्या प्रयोगशाळेत माझी पाळी लागणार होतीच. आई म्हणते, माणसाने डूख धरू नये, ते सापाचं काम. असेल. मी धरला होता आणि चांगला दूध पाजून वाढवला होता.

मी दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. खांदेश्वरला राहायचे, आडनाव तेव्हा हिवराळे होतं. नंदकिशोर कारखानीस सर आम्हाला हाडं, कवट्या, दात आणि माणूस दोन पायांवर कसा उभा राहिला ते शिकवायचे. शिकवायचे झकास, खोटं कशाला बोलू? प्रयोगशाळेत एक खरा सांगाडा होता. सरांनी त्याचं नाव ठेवलं होतं रावसाहेब. दरवर्षी पहिल्या दिवशी ते ओळख करून द्यायचे, "हे आमचे रावसाहेब. जन्मभर ताठ चालले, कुणापुढे वाकले नाहीत." मुलं हसायची. रावसाहेबांच्या कंबरेचं हाड वेगळं काढून ठेवलेलं असे. त्याला दोऱ्याने कार्ड बांधलेलं होतं, सरांच्या वळणदार अक्षरात: नमुना क्रमांक सात, पुरुष.

कंबरेच्या हाडाला मागच्या बाजूने एक खाच असते. पुरुषाची अरुंद असते, त्यात अंगठा घातला तर घट्ट अडकून बसतो. बाईची रुंद असते, अंगठा मोकळा हलतो. माणसाचं डोकं लाखो वर्षांत मोठं होत गेलं आणि ते डोकं जन्माला घालायला बाईच्या हाडांना जागा करावी लागली, एवढं साधं कारण. हे मी आदल्या दिवशी वाचलं होतं. म्हणून तासाला मी सात नंबर उचलला आणि अंगठा घातला. तो हलला. मला इतका आनंद झाला की हात वर करून मी ओरडलेच, "सर, रावसाहेब बाई आहेत!"

अख्खा वर्ग खो खो हसला. सर हसले नाहीत.

"हिवराळे, पुढे या," ते म्हणाले. मला स्टुलावर बसवलं. आमच्या विषयात स्लायडिंग कॅलिपर नावाची स्टीलची मोजपट्टी असते, तिच्या दोन चोचींमध्ये बोट, कान, काय हवं ते धरून मोजायचं. सरांनी ती घेतली. "जिथे तिथे नाक खुपसायची सवय आहे यांना. एकदा मोजूनच टाकू." त्या गार चोची माझ्या नाकपुड्यांवर दाबल्या आणि आकडा फळ्यावर लिहिला. मग खडू झटकत म्हणाले, "रुंद. जुन्या इंग्रज साहेबांनी अशी नाकं समाजाच्या कुठल्या थरात घातली होती, ते उद्या वाचून या." चाळीस मुलं होती. थर कळायला कुणाला वाचून यायची गरज नव्हती, आडनाव पुरेसं होतं. मागच्या बाकावरून कुणीतरी खुसखुसलं.

त्या वर्षी सरांच्या तोंडी परीक्षेत मी नापास झाले. वर्ष गेलं, स्कॉलरशिप थांबली. आईने सानपाड्यात आणखी दोन घरची धुणीभांडी धरली. माझ्या नापास होण्याबद्दल तिने एका शब्दाने विचारलं नाही आणि मी तिला नाकाचं सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.

परीक्षेच्या दिवशी सर फाटकाशी गुलाबाचं फूल घेऊन उभे होते. केस पांढरे झालेले, ढेरी सुटलेली. "या, या, ओहोळ मॅडम!" लग्नानंतरचं माझं आडनाव त्यांनी असं घेतलं, जशी काही आमची पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख. "जेवायला काय? सुरमई चालेल ना?"

"चालेल," मी म्हटलं.

आमच्या धंद्यात परीक्षेपेक्षा एक्स्टर्नलच्या जेवणाची काळजी जास्त असते, आणि माझा सगळा बेत त्या सुरमईवरच बांधलेला होता. रीत अशी, की टेबलावर दहा नमुने कार्डं काढून मांडायचे, बाहेरच्या परीक्षकाने उत्तरसूची लिहायची, तिच्यावर दोघांनी सह्या करायच्या आणि मग घंटा वाजवायची. सात नंबरपुढे मी स्वच्छ अक्षरात लिहिलं: कंबरेचं हाड, स्त्री. सर फोनवर हॉटेलवाल्याशी बोलत होते. सोलकढी वेगळी बांधा, मागच्या वेळी सांडली होती. बोलता बोलताच त्यांनी पेन मागितलं.

"सर, एकदा वाचून घ्या," मी म्हटलं. म्हटलं हं मी. पुढे कुणी बोलायला नको.

"अहो मॅडम, तुमच्यावर विश्वास नाही तर कुणावर?" त्यांनी झोकात सही ठोकली.

बावीस मुलं होती. प्रत्येक नमुन्यापाशी दोन मिनिटं, घंटा वाजली की पुढे. मी सातव्यावर नजर लावून बसले. मुलं यायची, हाडाकडे बघायची, लिहायची. हात कुणी लावत नव्हतं. सरांनी सांगितलेलंच होतं, मग हात कशाला लावा? मला आतून उकळ्या फुटत होत्या. बावीसच्या बावीस चुकणार. अख्खा वर्ग एकाच नमुन्यावर कसा चुकला म्हणून प्राचार्य विचारणार, आणि उत्तरसूचीवर सही कुणाची? करावे तसे भरावे.

मग एक जाड भिंगाच्या चष्म्याची मुलगी आली. तिने हाड उचललं. उलटं केलं. खाचेत अंगठा घातला आणि हलवला. तिच्या भुवया वर गेल्या. तिने लिहिलं. मग मान वळवून सरांकडे बघितलं, सर चहा ओतत होते. तिने लिहिलेलं खोडलं, दुसरं लिहिलं आणि घंटेआधीच पुढे सरकली.

मुलं बाहेर व्हरांड्यात गेली. मी पेपर तपासायला घेतले. पुरुष, पुरुष, पुरुष. त्या चष्मेवाल्या मुलीच्या, ईश्वरीच्या पेपरवर 'स्त्री' होतं, त्यावर दोन आडव्या रेघा, आणि शेजारी 'पुरुष'. माझं लाल पेन तिथेच थांबलं. बाकीच्या एकवीस जणांचं मला काही वाटलं नसतं, तेवढा माझा राग पक्का होता. पण त्या दोन रेघांवर फुली मारवेना. ही माझ्यापेक्षा शहाणी निघाली होती. हिने नाक वाचवलं होतं.

सर माझ्या खांद्यावरून बघत होते. "सातव्याला सगळेच चूक? असं कसं होईल?"

मी उत्तरसूची पुढे सरकवली. त्यांनी वाचली. "हे कुणी..."

"सही कुणाची आहे?"

ते खुर्चीत बसले. मग आवाज उतरवून म्हणाले, "मॅडम, पोरांचं नुकसान होईल. सूची बदलू या ना. कोण बघतंय?"

"आधी अंगठा घालून बघा."

"बघायची गरज नाही," ते म्हणाले. "माहीत आहे मला."

"कधीपासून?"

त्यांनी ते हाड जरा दूर सरकवलं. "तुमच्या त्या तासानंतर आठवड्याभरात मोजलं होतं. ... हिवराळे."

फाटकाशीच ओळखलं होतं तर. मी अकरा वर्षं एका अडाणी माणसावर दात खात होते. हा अडाणी नव्हता. माझी तोंडी परीक्षा त्यानंतर तीन आठवड्यांनी होती, आणि मी खरं बोलले होते हे पुरतं ठाऊक असताना याने मला नापास केलं होतं.

"मग सांगितलं का नाही वर्गाला?"

"चाळीस मुलांसमोर? शोभलं असतं का ते?"

मी कोरा कागद घेतला आणि विद्यापीठासाठी अहवाल लिहिला. नमुना क्रमांक सात या प्रयोगशाळेत, त्याचं कार्ड चूक आहे हे माहीत असूनही, अकरा वर्षं चुकीचा शिकवण्यात आला, म्हणून या नमुन्याचा प्रश्न पुन्हा घेण्यात येत आहे. "सही करा. नाहीतर आहे ती सूची आणि आहेत ते मार्क जातील."

या वेळी त्यांनी ओळ न् ओळ वाचली. "ते 'माहीत असूनही' काढता नाही येणार?"

"नाही."

सही झाली. मी मुलांना आत बोलावलं आणि टेबलाभोवती उभं केलं. "सर दाखवतील," मी म्हटलं. सरांनी हाड उचललं आणि खाचेत अंगठा घातला. तो मोकळा हलला. सगळ्यांनी बघितलं.

"बोला, सर."

"स्त्री."

"मागे ऐकू आलं नाही."

"स्त्री आहे," सर म्हणाले. "मी चुकीचं शिकवलं." यंदा कुणी हसलं नाही. मग एकेका मुलाने अंगठा घातला, एकेकाने नव्या कागदावर उत्तर लिहिलं. ईश्वरी शेवटची. लिहून झाल्यावर ती सरांना म्हणाली, "मी आधी हेच लिहिलेलं, सर."

"मग खोडलंस कशाला?" सरांनी सवयीने दरडावलं.

"तुम्ही मापं काढली असती."

म्हणजे हा मापं काढायचा खेळ माझ्यावर संपला नव्हता. शिपाई किसनकाका दिवाळे गावचे, मी शिकत होते तेव्हापासूनचे. ते नवं कार्ड घेऊन उभे होते. "याचेवर आता कुनी लिवाचा, मॅडम?"

"सर लिहितील."

सरांनी लिहिलं. तेच वळणदार अक्षर, जरा हललेलं. दोरा त्यांना दोनदा बांधावा लागला. टेबल आवरायचं होतं म्हणून मी स्लायडिंग कॅलिपर उचलला, आणि कारखानीस सरांचा हात आपसूक वर जाऊन त्यांच्या नाकावर बसला.

बावीस मुलं बघत होती. मी घाई केली नाही. चोची पूर्ण उघडल्या, पुसल्या, मिटल्या आणि कॅलिपर डब्यात ठेवला. मग किसनकाकांना म्हटलं, आता सुरमई गरम करा, भूक लागली आहे.