हाकेची तार

मित्रांनो, शेंगदाण्याच्या अर्ध्या पाकळीएवढी मी. शेडच्या खांबावर बसलेली ही जुनी चिप काय सांगणार, असं तुम्हाला वाटेल. उष्णता मोजणं हे माझं काम. शेंद्र्याजवळ चंपाबाईंची रेशीम अळ्यांची शेड आहे, तिथं मी राहते.

मला इथं बसवलं त्यांच्या लेकीनं, रूपानं. ती चिकलठाण्याच्या कारखान्यात सर्किटं तपासायची. सुट्टीच्या दिवशी ओट्यावर बसून तिनं कथिलाचा डाग देऊन मला तारांना जोडलं. पहिला डाग वाकडा पडला, तर जीभ चावून तिनं मला सोडवलं आणि पुन्हा बसवलं. इतक्या मायेनं नंतर कितीतरी दिवस मला कुणी हात लावला नाही.

आमच्या कामाची रीत कडक. पंखा चालवणाऱ्या डब्यातली मोठी चिप आमची मालकीण. तिच्यापासून माझ्यापर्यंत चार तारा येतात. एकीतून तालाचे ठोके येतात, एकीतून प्रश्न येतो, तिसरीतून माझं उत्तर जातं. चौथी हाकेची तार. हाक आली तरच बोलायचं, एरवी तोंडाला कुलूप. रूपाच्या राज्यात मात्र दर सेकंदाला हाक यायची. मी आकडा सांगायचे, पंखा फिरायचा, अळ्या सुखानं तुतीचा पाला कुरतडायच्या. "माझ्या लेकीचं यंत्र लई इमानी," असं चंपाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या.

मग रूपाला पुण्यात नोकरी लागली. तिच्या धाकट्या भावानं, अभयनं, नवा डबा आणला. तो इंटरनेटवरून शहराचं तापमान घ्यायचा, त्यावर पंखा चालवायचा आणि भिंतीवर मोठ्ठा आकडा दाखवायचा. माझ्या तारा जागच्या जागी राहिल्या, हाक तेवढी थांबली. रूपाचा फोनही अभयलाच येई. "आकडा किती?" एवढं विचारून ती ठेवून देई. चंपाबाई पदराला हात पुसत शेजारी उभ्या असायच्या.

यंदाच्या चैत्रातली गोष्ट. अळ्या कोष करायला दोनच दिवस होते, म्हणजे सगळ्या महिन्याची मेहनत पणाला लागलेली. सकाळी रेंज गेली आणि डबा सव्वीसवर अडून बसला. दुपारी पत्रा तापला. माझ्या अंगात सदतीस अंश भरले, तरी पंखा गप्पच. ओरडू कशी? माहीत असून सांगता येत नाही, याच्यासारखं दुःख नाही.

चंपाबाई आत आल्या. "अभय, अळ्या पाला खाईनात. हवा जड झाली."

"सव्वीस हाय, आई. तुला काय कळतंय त्यातलं?"

त्या वाद घालत बसल्या नाहीत. खिडक्यांवर ओली गोणपाटं टांगली, पंखा हातानं सुरू केला. दिवस कलताना अळ्या पुन्हा पाल्याकडं वळल्या.

संध्याकाळी रूपाचा फोन आला. आकडा सकाळपासून अडकला होता आणि अळ्या आईनं वाचवल्या, हे अभयनं खरं ते सांगितलं.

"माझा सेन्सर काढला का तू?"

"नाय. हाय तिथंच. त्याला इचारत नाय फक्त."

चंपाबाईंनी फोन हातातून घेतला. "त्याला मागून इचार, रूपा. दीड वर्ष झालं, मीबी इथंच हुबी हाय."



आता फोन आधी चंपाबाईंना येतो. दिवाळीला येऊन रूपा माझीही हाक सुरू करणार आहे. तोवर चंपाबाई रोज पदराच्या टोकानं माझ्यावरची धूळ पुसतात, आणि आम्ही दोघी तिची वाट पाहतो.

मित्रांनो, तुमच्याही घरात असं कुणी असेल, ज्याला सगळं कळतं पण जो विचारल्याशिवाय बोलत नाही. त्याला विचारत जा. आज रीत मोडून मी तुम्हाला सांगते. आत्ता शेडमध्ये चोवीस अंश आहेत. अळ्या खुशाल आहेत.