पश्चिमेकडचा खांब

निवृत्तीने सुलाबाईचे केस धरून तिला द्राक्षाच्या मांडवाबाहेर फरफटत काढले, तेव्हा तिच्या मुठीत खुडलेल्या कोवळ्या काड्या तशाच होत्या. त्र्याऐंशी सालचा मे महिना. दिंडोरीच्या शिवारात ऊन नुसते भाजत होते आणि निवृत्ती त्या उन्हापेक्षा जास्त तापला होता.

"हिरवा मांडव ओरबाडतीस? माझ्या भावानं लावलेली बाग हाय ही, तुझ्या बापाची नाय!"

एरवी अहो-जाहो करणारा दीर असा तोंड सोडून बोलला आणि वर एक थोबाडीत ठेवून दिली. सुलाबाईनेही मग मागचापुढचा विचार केला नाही. कमरेला खोचलेली छाटणीची कात्री तिने त्याच्या तळहातात खुपसली. रक्त बघून त्याची बायको शकुबाई बांधावरून ओरडत धावली, तेव्हा कुठे दोघे वेगळे झाले.

सुलाबाईचा नवरा सहादू जाऊन दोन वर्षे झाली होती. द्राक्षाचा मांडव दोन्ही भावांत मिळून एकच. खांब तेच, तारा त्याच. मधल्या ओळीपासून पश्चिमेचा अर्धा मांडव सुलाबाईचा, पूर्वेचा निवृत्तीचा. निवृत्तीला पाला दाट दिसला की पोट भरल्यासारखे वाटे. सुलाबाईने मात्र सहादूच्या हाताखाली दहा वर्षे बाग केली होती. एप्रिलच्या छाटणीनंतर काड्या फुटतात, त्यांच्या पेरांवरच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचा घड उन्हाळ्यातच धरतो आणि तो धरायला ऊन लागते, हे तिला पक्के ठाऊक होते. काड्या विरळ करून मांडवाखाली उन्हाचे कवडसे पाडले नाहीत, तर ऑक्टोबरात नुसता पाला निघणार. पण हे निवृत्तीला सांगून उपयोग काय? बाईने बागेतले शहाणपण सांगावे, हेच त्याला सोसत नव्हते.

गावातले वडीलधारे भिमाजी मध्ये पडले. निवृत्ती हाताला फडके गुंडाळून त्यांच्यासमोर म्हणाला, "येत्या हंगामात हिची बाजू माझ्यापेक्षा कमी भरली, तर हिनं बाग सोडून माहेरी जायचं."

"अन् जास्त भरली तर?" सुलाबाईने विचारले. तिचा ओठ सुजला होता.

"तर मी तुमच्या बाजूला पाय ठेवणार नाय."

"आणि तुमच्या बाजूची छाटणीबी मीच करीन," ती म्हणाली. भिमाजींनी मान डोलावली आणि ते ठरले.

ऑक्टोबरची छाटणी झाली. पंधरवड्यात मधल्या ओळीवर उभे राहिले की आंधळ्यालाही कळावे, असा फरक दिसू लागला. पश्चिमेला काडी-काडीला घड, पूर्वेला पाला आणि तणावे. निवृत्ती रोज येई, वर बघे आणि थुंकून जाई. घरी जाऊन शकुबाईला मारी. बिचारीच्या अंगावरचे वळ सुलाबाईला पाणवठ्यावर दिसत आणि तिचे रक्त उसळे.

फेब्रुवारीत घडांत गोडी उतरली. भिमाजी सोमवारी मांडव बघून निवाडा द्यायला येणार होते. रविवारी दुपारी सुलाबाई शेतातल्या घरात भाकरी खात असताना मांडवाकडून धातू तुटल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ माणसाची किंकाळी. ती उष्ट्या हाताने धावली.

पश्चिमेच्या कडेचे दगडी खांब बाहेरच्या बाजूने तारेने ताणून जमिनीत बांधलेले होते. त्या ताणावरच मांडव तोललेला. निवृत्ती तोच ताण तोडायला आला होता. रस्त्यावरून कुणी बघू नये म्हणून हा मांडवाच्या आत, सावलीत उभा राहिला आणि तिथून खांबाच्या डोक्याशी बांधलेल्या ताणावर कुऱ्हाड चालवली. ताण तुटला. घडांनी लदलेल्या तारांनी खांब आत खेचला, तो थेट याच्या मांडीवर. पाला दाट म्हणजे मांडव भरलेला असे मानणाऱ्याला घडांचे वजन कळणार तरी कसे! हाड बाहेर आले होते. रक्त मातीत जिरत होते.

शकुबाईही पोचली. दोघींनी खांब उचलायचा प्रयत्न केला. तो हलेना, कारण वरून सगळा मांडव त्याला दाबत होता. खांबाच्या तारा तोडल्या तरच तो सुटणार होता आणि तारा तोडल्या की सुलाबाईच्या ओळी घडांसकट मातीत बसणार होत्या.

सुलाबाईने कुऱ्हाड उचलली आणि ती निवृत्तीच्या डोक्याशी उभी राहिली. त्या क्षणी ती कुऱ्हाड कुठे घालावी, हा प्रश्न तिला खरोखर पडला होता.

"बोल," ती म्हणाली. "कुणाची बाजू भरली?"

"वैनी, मरतो मी..."

"मर. आधी बोल. हिच्यासमोर बोल."

"तुमची," तो रडत म्हणाला. "तुमची भरली, वैनी."

मग तिने घाव घातला. एक, दुसरा, तिसरा. तुटलेली तार उसळून तिच्या दंडाला चिरत गेली, तरी ती थांबली नाही. कडकड आवाज करत मांडव खाली आला. दहा महिने जपलेले घड फुटले, चेंगरले, मातीत लोळले. खांब बाजूला लोटून दोघींनी त्याला ओढून काढले. बाहेर आल्यावर सुलाबाईने त्याच्या तोंडावर दोन सणसणीत ठेवून दिल्या आणि मग आपल्या पदराने त्याची मांडी करकचून बांधली.

सोमवारी भिमाजी आले. निवृत्ती नाशिकला दवाखान्यात होता. पश्चिमेचा मांडव जमिनीवर पडलेला, त्यावर माश्या घोंगावत होत्या. "सुलाबाई, दाखवायला तर काहीच उरलं नाय गं," भिमाजी म्हणाले.

शकुबाई पुढे झाली. सासरच्या माणसांसमोर कधी मान वर न केलेली बाई.

"माझ्या नवऱ्यानं कबूल केलंय. मी ऐकलंय. अन् कुऱ्हाडबी आमच्याच घरातली हाय."

एप्रिलात पूर्वेच्या बाजूची छाटणी सुलाबाईने केली. मे महिन्यात ती कोवळ्या काड्या विरळ करायला आली, तेव्हा निवृत्ती कुबडी घेऊन बांधावर बसला होता. एकेक हिरवी काडी कट्कन तुटे आणि त्याचा जीव कळवळे. मांडवाखाली शकुबाई खुडलेल्या काड्या पाटीत गोळा करत होती. तिथे पहिल्यांदाच उन्हाचे कवडसे पडले होते. निवृत्ती त्या कवडशांकडे बघत राहिला, पण त्याने सुलाबाईला थांबवले नाही.